मावळण

चौथीत असताना शाळेत निबंध लिहायला दिला होता, 'आमच्याकडे आलेला पाहुणा'. मी पहिलेच वाक्य लिहिले: 'गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे माझी मावळण आली.' वही परत मिळाली तेव्हा 'मावळण'भोवती लाल शाईचे वर्तुळ होते आणि वर बारीक अक्षरात 'आत्या' असे लिहिले होते. तेवढ्यावर भागले असते, पण तो शब्द वर्गात मोठ्याने वाचला गेला. मागून एका मुलाने विचारले, "म्हणजे शिवाजी महाराजांच्या मावळ्याची बायको?" सगळा वर्ग हसला. मी घरी आले आणि त्या दिवसापासून तिला आत्या म्हणू लागले.

ते 1987 साल. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर मोठी माणसे रोज संध्याकाळी भाषेवरून वाद घालत. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली, मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. मे महिन्याच्या 30 तारखेला गोवा घटक राज्य झाले. आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि आरत्या, पोथ्या, पत्रे, दुकानाचा हिशेब सगळे मराठीत. आजीला या दोन भाषा दोन आहेत असे कधी वाटलेच नसावे. मला मात्र त्या लाल वर्तुळाने एक गोष्ट शिकवली. मावळण हा बोलायचा शब्द आणि आत्या हा लिहायचा. बोलायचा शब्द चपलांसारखा शाळेच्या पायरीखाली काढून ठेवायचा असतो.

दिवाळीत ती पुन्हा आली तेव्हा मी विचारले, "आत्या, उदक हाडूं?" तिने माझ्याकडे पाहिले. हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्या खंयची गो?" मी काही बोलले नाही. तिनेही पुढे विचारले नाही. पाणी प्यायली आणि आत आजीकडे गेली.

ती बाबांची मोठी बहीण. बाबा तिला माई म्हणत. तिचे लग्न सावई-वेऱ्याला झाले होते, कुळागराच्या घरात. सुपारी, नारळ, केळी, पोफळीच्या खोडावर चढवलेली मिरवेल, आणि त्या सगळ्यांच्या पायाशी पाटाने खेळवलेले पाणी. आमच्याकडे यायचे तर तिला मांडवी ओलांडावी लागे. तेव्हा आमोण्याचा पूल नव्हता, खांडोळ्याहून फेरीबोट होती. पावसात नदी फुगली की ती धक्क्यावर ताटकळत उभी राहायची आणि पोचेपर्यंत लुगड्याचे काठ चिखलाने जड झालेले असायचे. तरी ती यायची.

लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आजोबांनी पाठवलेल्या वज्याची गोष्ट घरात पुष्कळदा सांगितली जाई. वजें म्हणजे लेकीच्या सासरी माहेराहून जाणारे ओझे. नेवऱ्या, लाडू, नारळ, फळे, भाज्या, सगळे टोपल्यांत भरून. दोन टोपल्या होत्या, एक बाबांच्या डोक्यावर. बाबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. फेरीत एका बाईने विचारले, "कोणाकडे?" तर म्हणाले, "माईच्या घरी." आजोबांनी तिथेच दुरुस्त केले: "तिच्या सासरी. घर तिचे आपले."

आजोबांनी ते वाक्य सहज म्हटले असणार. पुढे याच वाक्यावरून आमच्या घरात दोन वर्षे अबोला राहिला, म्हणून ते आत्ताच सांगून ठेवले.

चवथीच्या आदल्या दिवशी सावई-वेऱ्याहून सुपारीचा एक घोस यायचा. ती पाठवायची, मिळेल त्या माणसाबरोबर. गणपतीच्या वर फळे-फुले बांधून टांगतात ती चौकट म्हणजे माटोळी. आमच्या माटोळीला मधोमध तोच घोस बांधायचा अशी रीत होती. बाजूला नारळ, चिबूड, निरफणस, तोरिंग, केळीचा घड. बाकीचे कधी आमच्या परसातले, कधी डिचोलीच्या बाजारातले. सुपारी मात्र तिच्याच कुळागराची. एका वर्षी घोस वेळेत पोचला नाही. आजीने बाजारातला दुसरा घोस हातात धरून बराच वेळ ठेवला, आणि शेवटी मधली जागा मोकळी सोडूनच माटोळी बांधली. दुपारी फेरीने माणूस आला, मग तो घोस त्या जागी चढला.

माझे नावही तिनेच माझ्या कानात सांगितलेले. बारशाला बापाच्या बहिणीचा हा मान सगळ्या मराठी मुलखात आहे. नाव ठरवणारे कोणी का असेना, ते बाळाच्या कानात पहिल्यांदा तिच्या तोंडून जाते. म्हणजे मला माझे नाव जिने दिले, तिचेच नाव मी एका लाल वर्तुळाच्या भीतीने बदलून टाकले. हे मला फार उशिरा कळले.

कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत बीडची एक मुलगी होती. एका रविवारी ती घरून आलेला डबा उघडत म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी मावळणीनं दिलीय." मी दचकलेच. विचारले, "मावळण म्हणजे?" ती म्हणाली, "मावळण म्हणजे मावळण. आत्या. आमच्याकडं असंच म्हणतात." बीड कुठे, सावई-वेरे कुठे! मधे सगळा घाट, सगळे पठार. आणि ज्या शब्दाला मी कोकणी घरातला, शाळेबाहेरचा, गावठी समजत होते तो मराठवाड्यातल्या ज्वारीच्या शेतात तसाच उभा होता. त्या रात्री मी झोपले नाही असे म्हटले तर खोटे होईल. पण ग्रंथालयात जाऊन जुने मराठी कोश उघडायचे हे तेव्हाच ठरवले.

मावळण हा शब्द मावळ्यावरून आला आहे, आणि तो मावळा शिवाजी महाराजांचा नव्हे. महाराजांचा मावळा मावळ खोऱ्यातला. हा मावळा संस्कृत मातुल, प्राकृत माउल अशा वाटेने आलेला: आईचा भाऊ, मामा. कोकणीत मावळो. माळ्याची माळीण, व्याह्याची विहीण, तशी मावळ्याची मावळण. शब्दाच्या घडणीप्रमाणे पाहिले तर ही मामाची बायको झाली. मग ती बापाची बहीण कशी?

याचे उत्तर शब्दात नाही, लग्नांत आहे. दोन घरे डोळ्यांपुढे आणा. या घरची मुलगी त्या घरी दिली आणि त्या घरची मुलगी या घरात आणली, ज्याला आपण साटेलोटे म्हणतो. आता या घरात जन्मलेल्या मुलाच्या बाजूने बघा. त्याच्या आईचा भाऊ ज्या बाईचा नवरा आहे, ती बाई त्याच्या बापाची बहीण. मामी आणि आत्या ही एकच बाई. तिला दोन शब्द कशाला हवेत?

एकदा हे दिसले की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसू लागतात. आमच्यात आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात. लहानपणी मला प्रश्न पडायचा की हे आईचे भाऊ नव्हेत, मग मामा कसे? गावागावांतल्या सुना सासऱ्याला मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. शेजारच्या कन्नडात अत्ते म्हणजे बापाची बहीण, मामाची बायको आणि सासू, तिन्ही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्री प्राकृतातही हे आहे: हालाच्या गाथासप्तशतीतली सून घरातल्या सासूला 'अत्ता' म्हणते. आणि उलट बाजूचा शब्द बघा. मामाला बहिणीचा मुलगा भाचा, तसाच आत्याला भावाचा मुलगाही भाचाच. काकाला मात्र पुतण्या. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासात महाराष्ट्राकडे उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश म्हणून पाहिले; मामाच्या मुलीशी लग्न इथल्या पुष्कळ जातींत चालते, उत्तरेत ते ऐकूनही कानावर हात ठेवतात. मावळण हा शब्द त्या सांध्यावरचा आहे.

आमच्या घरात साटेलोटे झालेले नव्हते. माझी आई पेडण्याची, तिला भाऊच नाही. म्हणजे मामी नसलेल्या घरात मामीपासून घडलेला शब्द पिढ्यान् पिढ्या वापरात होता. कोणत्या तरी खापरपणजीच्या काळातली लग्ने त्या शब्दात राहून गेली, आणि लग्ने विसरली तरी शब्दाने त्या बाईला दोन्ही घरांत उभे ठेवले. आत्या म्हटले की ती फक्त बापाच्या बाजूची होते. मावळण म्हटले की तिचा एक पाय आईच्याही घरात पडतो.

आपल्या म्हणींनी बापाच्या बहिणीला फार मायेने वागवलेले नाही. 'माय मरो आणि मावशी उरो' असे म्हणताना मावशीवर केवढा विश्वास! आणि आत्याच्या वाट्याला काय? 'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते.' या म्हणीचा अर्थ आपण 'जर-तरच्या गोष्टीत अर्थ नाही' एवढाच लावतो. मला ती ऐकताना आता वेगळेच ऐकू येते. ती काका असती तर घरात तिचा वाटा असता.

आणखी एक गोष्ट मी कित्येक वर्षे न्याहाळते आहे. अनोळखी माणसाला आपण नाते देतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीवाली मावशी होते, बसचा कंडक्टर मामा होतो, रस्ता विचारताना काका, देवळात आजी, दुकानात ताई, शेजारी काकू. आत्या कोणी होत नाही. मी तरी आजवर एकाही परक्या बाईला 'ओ आत्या' अशी हाक मारलेली ऐकली नाही. मावशी उसनी घेता येते, कारण तिचे देणे मायेचे असते आणि ती आपल्याकडे काही मागत नाही. आत्या उसनी घेता येत नाही. तिचा त्या उंबऱ्यावर हक्क असतो, आणि हक्क असलेले माणूस कोणी बाजारात हाक मारून जोडत नाही.

तो हक्क गोव्यात नुसता मानपानाचा नाही. पोर्तुगीजांचा 1867चा नागरी कायदा इथे 1870पासून लागू झाला आणि 1961मध्ये पोर्तुगीज गेल्यावरही कुटुंब आणि वारसा यांपुरता राहिला; त्यातला वारशाचा भाग 2016पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे. त्यात बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. बापाला मृत्युपत्राने अर्ध्याच मालमत्तेची मनासारखी विल्हेवाट लावता येते, अर्धी मुलांसाठी राखीव. लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, म्हणून लेकीबरोबर जावयाचीही सही लागते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994मध्ये दिला, देशाच्या कायद्यात तो 2005मध्ये आला. आमच्याकडच्या मावळणींना बापामागे भावाइतका वाटा त्यांच्या पणज्यांपासून होता. कागदावर. प्रत्यक्षात बहुतेक घरांत बहिणीला साडी नेसवतात, पानसुपारी ठेवतात, आणि ती हक्क सोडल्याची सही करते. न करणाऱ्या बहिणीबद्दल वाड्यावर काय बोलले जाते तेही मी ऐकत वाढले.

2018 साली आमची वेळ आली. बाबा जाऊन दोन वर्षे झाली होती. घराची मागची भिंत पावसात खचली होती. भावाला कर्ज काढून घर नीट करायचे होते, पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. आजोबांची मुले तीन: बाबा, काका आणि ती. वकिलांनी सांगितले, तिचा हक्कसोड घेतला की काम सोपे होईल. काकांनी पन्नास हजार रुपये आणि एक पैठणी असे ठरवले. सगळे म्हणाले, ती कधी ना म्हणायची नाही. विचारायला मला पाठवले, कारण मी तिची लाडकी.

आता पूल होता. डिचोलीहून गाडीने थेट गेले, नदी कधी आली आणि गेली ते कळलेही नाही. ती अंगणात बसून सुपारी सोलत होती. मामा वारून बरीच वर्षे झाली होती. मी सगळे सांगितले, पैठणीसकट. तिने हातातली सुपारी सोलून पूर्ण केली, टोपलीत टाकली आणि म्हणाली, "सही करतां. पूण वांटो सोडची ना."

मी समजावू लागले. तुला तिथे राहायचे नाही, मुलगे पणजीत आणि बंगळूरला, त्यांना त्या घराचे काय? ती म्हणाली, घर पाडा, बांधा, मला विचारायलासुद्धा येऊ नका. तेवढी सही देते. पैसे नकोत, साडीही नको. नाव राहू दे. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "साडी पाहुण्याक दितात."

मी चिडून परत आले. कबूल करते, तेव्हा मलाही ती हट्टी वाटली. वाटेत गाडी चालवताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. काकांनी तर बोलणेच बंद केले, भाऊ गप्प झाला. त्या वर्षीच्या चवथीला सावई-वेऱ्याहून घोस आला तो पडवीतच पडून राहिला, माटोळीला बाजारातला बांधला. मी तिथे होते. मी उठून तो बांधला नाही.

एका रात्री जुन्या वह्या काढताना तो निबंध सापडला. तीस वर्षे माझ्या मनात फक्त लाल वर्तुळ होते. वर्तुळाबाहेरचे मी कधी वाचलेच नव्हते. त्या पानावर निबंधाचे नाव होते, 'आमच्याकडे आलेला पाहुणा'. नऊ वर्षांच्या मुलीने पाहुण्यावर लिहायचे म्हणून तिला निवडले होते. मावळण हा शब्द बरोबर होता. चुकला होता तो पाहुणा, आणि त्याला कोणी गोल केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सावई-वेऱ्याला गेले. दारातूनच हाक मारली, "मावळणी!" ती आतून म्हणाली, "यो गो बाय." एवढेच. तीस वर्षांनी हा शब्द तिने ऐकला, तर त्याची तिने काही दखल घेतली असे मला दिसले नाही. जेवायला खतखते केले होते. निघताना तिने विचारले, कागद कधी करायचे ते कळव, गुडघे दुखतात, जिने असतील तर खुर्ची ठेवायला सांग.

कागद झाले. कचेरीतल्या तरुण कारकुनाने तिच्याकडे बोट दाखवून मला विचारले, "ह्या तुमच्या कोण?" मी सांगितले. त्याने मान वर केली आणि म्हणाला, माझी आजी हा शब्द वापरायची. मग रकान्यात लिहिले, 'मयताची मुलगी'. तिघांची नावे लागली, बाबांच्या जागी आईचे, भावाचे आणि माझे. घर बांधायला तिने संमती दिली. भिंत उभी राहिली, मागे दोन खोल्या वाढल्या. काका तिच्याशी बोलायला लागले ते 2020च्या टाळेबंदीत, फोनवर, रोज संध्याकाळी, जवळजवळ तासभर. काय बोलत ते कोणाला सांगत नसत.

ती गेली तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. कुळागर आता तिच्या मुलांनी कसायला दिले आहे, सुपारी पाठवायचे त्यांच्या लक्षात राहत नाही आणि त्यांनी ते ठेवावे असे म्हणायलाही मन होत नाही. गेली दोन वर्षे घोस मी नेते. मडगावच्या बाजारात चवथीच्या आधी माटोळीचे सामान बसते तिथून घेते. विकतचा आहे हे वहिनीला माहीत आहे. ती माटोळी बांधताना मधली जागा सोडते आणि मी पोचेपर्यंत थांबते.

भावाची मुलगी सहा वर्षांची आहे. मला आत्तू म्हणते. तिच्या बारशाला मी तिच्या कानात तिचे नाव सांगितले होते. उताऱ्यावर माझे नाव भावाच्या नावाखाली आहे. त्याला पुढच्या वर्षी वरचा मजला चढवायचा आहे, त्यासाठी पुन्हा कर्ज, पुन्हा कागद. मला त्याने अजून काही विचारलेले नाही.